चार पाकळ्यांचं झाड

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फांदी पोचली. नेहमीसारखी रद्दी पेपरात नीट दाबलेली, चिठ्ठीवर तारीख. आमच्या संग्रहालयात इतकं टापटीप कुणी काम करत नाही.

आता बातमी. आपल्या परसातलं झाड शास्त्रात आजवर कुणीच नोंदवलेलं नाही! त्याच्या सगळ्या गोतावळ्याला पाच पाकळ्या, याला चार. नाव मी द्यायचंय. स्वतःचं नाव द्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून तुझं देतोय. जन्मभर दादागिरी केलीस, आता लॅटिनमधून कर.

ताज्या फुलाचे फोटो तेवढे हवेत. पंधरा तारखेला येतो. किती वर्षांनी, ते विचारू नकोस.

रागव, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझा ढापण्या


९ एप्रिल

चि. ढापण्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग दार लावून रडले. घरात दुसरं कुणी नाही, तरी दार लावलं.

तू तिकीट काढायच्या आत सांगते. झाड नाही रे. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात मुळासकट आडवं झालं. ऐन फुलावर होतं. हाताला लागतील त्या फांद्या दाबून कपाटात ठेवल्या आणि दर वर्षी त्यातलीच एक, नवी तारीख घालून, तुला पाठवत राहिले.

बाबा गेल्यापासून तुझी वर्षाला दोनच पत्रं येतात. एक नमुना मागायला, एक तो पोचल्याचं सांगायला. झाड पडल्याचं कळवलं असतं तर तीही थांबली असती. तुझ्या कामात खोट घातली मी. माझं नाव देऊ नकोस. येण्यासारखंही इथे काही उरलं नाही.

तब्येतीला जप. जमलं तर दोन ओळी टाक.
ताई


१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलोय, हे आधी लिहितो. दोन्ही खोट्या तारखा खोडून खरी घातली, संपादकांना कळवलं. झाडावरचा लेख लांबणीवर पडला. फुलांचा उडालेला रंग मला दिसायला हवा होता. तुझ्या खुशालीच्या ओळींसारखाच तोही न बघता पुढे गेलो.

नाव तुझंच राहणार. तू फांद्या राखल्या नसत्यास तर असं झाड होतं हेच कुणाला कळलं नसतं. नोंदीत लिहायचंय, 'एकच झाड माहीत होतं, तेही आता नाही.' तीनदा बसलो, हात चालला नाही.

तुला उगाचच, काही काम नसताना, शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत बसलो. आठवलं नाही, ताई.

उद्या येतोय. कॅमेरा घेतलेला नाही. हे पत्र बहुधा माझ्यामागून पोचेल. आलं की माझ्यासमोर उघड.

तुझाच,
ढापण्या