उतरवून घेतलेलं गाणं

पिंप्राळा, जळगाव
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप झुलालभाऊंच्या चरणी पंडित मास्तरचा वाकून नमस्कार.

(‘प्रिय’ लिहावं की ‘तीर्थस्वरूप’, यात माझा पाऊण तास गेला. तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण बायकोचे थोरले भाऊ, त्यातून सध्या रागावलेले. म्हणून तीर्थस्वरूप.)

आपल्या विरहाने आमचे अंतःकरण व्याकुळ झाले असून आम्ही चातकाप्रमाणे आपल्या आगमनाची प्रतीक्षा करीत आहोत. आपण जेथे असाल तेथे सुखरूप असाल, अशी ईश्वरचरणी प्रार्थना. आपल्या आठवणींचा सुगंध या घरात अद्याप दरवळत आहे.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा गुडघा? आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुमची बहीण सुलक्षणा माझ्याशी अगदी कामापुरतं बोलते, म्हणजे ‘जेवा’ आणि ‘सरका’. पत्र लिहितो आहे, कारण साखरपुड्यापासून तुमच्या फोनमध्ये माझा नंबर बंद आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून द्यायच्या तुमच्या दुकानावर प्रत्यक्ष यायचा विचार होता. पण तिथे पाने आणि हातोड्या फार, आणि मी निवृत्त माणूस.

आता मुद्द्यावर येतो. (येईन.) छत्तीस वर्षं मी वर्गात रोज एक वाक्य म्हणत आलो : ‘मुलांनो, फळ्यावरचं उतरवून घ्या.’ ज्यानं उतरवून घेतलं तो शहाणा, नाही घेतलं तो बाकावर उभा. अशा माणसाला उतारवयात कोणी सांगितलं, की मोबाईलवर गाणंही असंच उतरवून घेता येतं, तर त्याला ती चोरी कशी वाटावी? मला तो अभ्यास वाटला. शिवाय बट्टी उचलली तर ताटातली बट्टी कमी होते. गाणं उतरवलं तर जिथलं तिथे राहतं. कमी झालंच नाही, तर चोरीला काय गेलं? हा मुद्दा मी सुलक्षणेपुढे मांडला. ती कणीक मळत होती. म्हणाली, ‘तुम्ही शिकवल्यानं तुमच्या डोक्यातलं गणित कमी व्हायचं का? मग दर महिन्याला पगार कशाला आणायचे?’ भाऊ, छत्तीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरनं मला असं गप्प केलं नव्हतं.

आमच्या रूपाच्या साखरपुड्यासाठी, तुम्ही स्वतः गाऊन मोबाईलवर टाकलेलं हळदीचं गाणं मी उतरवून घेतलं ते असं. तुम्हाला फोन केला असता तर तुम्ही पाठवलंच असतं. पण घरचा माणूस म्हणून पैसे घेतले नसते. म्हणजे तुमचं नुकसान होऊ नये, म्हणूनच मी न विचारता घेतलं. (हे लिहिताना बरं वाटत होतं. वाचताना वाटत नाही.) वर ते निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर दोनशे जणांना पाठवलं, आपल्या माणसाची कला पुढे जावी म्हणून! पहिलं कडवं ऐकलं, झकास वाटलं, पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. (पेपरही मी असेच तपासत असे.) त्यामुळे बसस्टँडजवळचे मोबाईलच्या कार्डात गाणी भरून देणारे तुमचं गाणं परस्पर विकायला लागल्यापासून तुम्ही मोबाईलवरच्या गाण्यात मधोमध काय बोलून ठेवता, आणि फोन करून पैसे देणाऱ्यालाच तेवढं साफ गाणं देता, हे मला ठाऊक नव्हतं.

मग जे झालं ते तुम्ही पहिल्या रांगेत बसून पाहिलंच. पण मी कुठून पाहिलं ते सांगतो. मी स्पीकरपाशी, हातात मोबाईल. विहीणबाईंनी रूपाला कुंकू लावायला बोट पुढे केलं, दुसरं कडवं संपलं, ढोलकी थांबली, आणि अख्ख्या सभागृहात तुमचा खणखणीत आवाज : ‘ज्यानी हाई गानं फुकट उतारी लिधं, त्यानी सोयरीक मोडो!’

विहीणबाईंचं बोट हवेत राहिलं. पारोळ्याची पन्नास माणसं आधी स्पीकरकडे, मग तुमच्याकडे बघायला लागली. आवाज तुमचा, ‘सोयरीक’ हा शब्द कानात, बाकीचं कोण ऐकतो! नवरदेवाची आजी बेबाबाई उठून उभी राहिली : ‘मामाले सोयरीक पसंत नई शे का?’ त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, की गाणं मी चोरलं. तीन शब्द. आणि मी काय म्हणालो? ‘झुलालभाऊंनीच पाठवलं, त्यांच्या हातून चुकून कच्चं गाणं आलं.’ वर हसलोही.

तुम्ही वाद घातला नाहीत. खांद्यावरचा रुमाल झटकलात आणि माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणालात, ‘मास्तर, गानं लिधं ते लिधं, मनं नाव बी लिधं.’ गाणं तर घेतलंच, तुमचं नावही मी घेतलं. तिकडे वरण-बट्टीची पंगत बसत होती. बट्टीला हात न लावता निघून गेलेला खान्देशी माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझ्यामुळे गेला. गाणं मी उतरवलं आणि चेहरा तुमचा उतरला. भाऊ, याची मला लाज वाटते.

सुलक्षणेनं नंतर मला तुमचा गातानाचा व्हिडिओ दाखवला. भिंतींना टांगलेल्या गोधड्या सासूबाईंच्या हातच्या, त्यातली निळ्या किनारीची तिच्या बाळंतपणातली. भर मे महिन्यात, धुळ्यात, आवाज येतो म्हणून पंखा बंद करून तुम्ही त्या बंद खोलीत चार-चार तास गाता म्हणे. मी पंखा चालू असताना पेपर तपासले आहेत आणि तरीही वैतागलो आहे. ते गाणं मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. शापासकट.

गेल्या आठवड्यात एसटीनं पारोळ्याला जाऊन व्याही प्रेमराज यांना खरं सांगून आलो. लग्न मोडलं तर मोडलं, या तयारीनं गेलो होतो. (खरं म्हणजे नव्हतो. पारोळ्याच्या स्टँडवर उतरून दोनदा रसवंतीत बसलो.) प्रेमराजरावांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे ठेवला. त्यात तेच गाणं, त्यांच्याकडच्या हळदीसाठी, फुकट उतरवलेलं! साखरपुड्यात शाप ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, मामानं आपल्यालाच पकडलं. त्या दिवशी त्यांचा घाम का थांबत नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

खाटेवरून बेबाबाई म्हणाली, ‘दोन्ही घरे चोर शेतस. बरोबर सोयरीक जमनी!’ मग निकाल दिला : ‘ज्याना तोंडमाईन शाप निंघना, त्यानीच तो उतारो. मामाले लई या.’ मामानं समोर बसून हळदीचं गाणं गायल्याशिवाय हळद लागणार नाही, असं तिनं दोन्ही घरांना बजावलं आहे.

दोन्ही मोबाईलमधलं गाणं आम्ही तिच्यासमोर पुसलं. ग्रुपवर मी जाहीर खुलासा टाकला, की गाणं चोरीचं होतं आणि खोटंही मीच बोललो. (चौघांनी अंगठा दाखवला. एकानं ते गाणं पुन्हा मागितलं.)

लग्न आखाजीनंतर पाचव्या दिवशी आहे. तुमचा आणि ढोलकीवाल्यांचा जो काही आकडा असेल तो दोन्ही घरं मिळून देणार. घरचा माणूस म्हणून सोडलात, तर मी पुन्हा चोर ठरेन.

वहिनींना नमस्कार.

आपला,
पंडित

ता. क. १ : बट्टी नव्यानं करू. तुमच्याआधी कोणी ताटावर बसणार नाही.

ता. क. २ : सुलक्षणेनं पत्र वाचलं. म्हणाली, वरचा विरहाचा आणि चातकाचा परिच्छेद तुमचा वाटत नाही. नाहीच. ‘रुसलेल्या पाहुण्यास पत्र, नमुना क्रमांक सात’ म्हणून मोबाईलवर होता, तो उतरवून घेतला. खाली कोणाचं नाव नव्हतं, नाहीतर दिलं असतं. तो खोडून वाचावा. तुम्ही ‘जेथे असाल तेथे’ म्हणजे धुळ्यातच आहात, हे मला माहीत आहे.

ता. क. ३ : रूपाचा निरोप आहे, मामा पाठीशी उभा नसेल तर ती पाटावर उभी राहणार नाही. ती कुणाचं ऐकत नाही. माझं स्वतःचं, कुठूनही न उतरवलेलं वाक्य एवढंच, भाऊ : तुम्ही चुकला नव्हता, खोटं मी बोललो. या.