शिंपिणीचा नकार

४ एप्रिल

चि. ठमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी एकदाची इथे पोचली. वाचनालयातल्या बाईंनी ती दारासमोरच्या टेबलावर मांडून 'आपल्याच शहरातली गोष्ट' अशी पाटी लावली आहे. तुझ्या शिंपिणीच्या दुकानाचं दार हिरवं, माझंही हिरवं. त्यामुळे कपडे टाकायला येणारी प्रत्येक बाई आधी दाराकडे बघते, मग माझ्याकडे, आणि मापं सांगायची विसरते. शहर सोडून तुला जमाना झाला, हे मात्र कळतं हं. पुलावरून दिसणारा सूर्य तू बुडवलास. तिथे तो उगवतो. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, प्रेमात पडलेल्यांना दिशा कुठे कळतात, चालायचंच.

आता खरी गोष्ट. समोरच्या चष्मेवाल्यांनी हिवाळ्यात मला विचारलं होतं, उरलेलं आयुष्य एकत्र काढू या का, म्हणून. मी विचार करून सांगते म्हटलं, ते तुला कळवलंच होतं. दुकान बंद केलं की ते रोज चहाला यायचे. तुझं पुस्तक घरी नेलं आणि येणंच थांबलं. काल टपालपेटीपाशी भेटले, तेव्हा फार अदबीने म्हणाले की उत्तर पोचलं, मनात राग नाही. मी तर उत्तर दिलंच नव्हतं! घरी येऊन तुझं शेवटचं प्रकरण वाचलं. शिंपीण त्या घड्याळजीला सांगते की माझी घडी नीट बसली आहे, आता विसकटायला नको. आणि तो बिचारा चालू लागतो. वर तो शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतो, अगदी यांच्यासारखा. यांना वाटतंय, मीच तुझ्या तोंडून नकार कळवला. ठमे, हे मी आता निस्तरू कसं?

तुझ्यावर रागावलेली, तरीही
तुझीच ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग कान गरम झाले. चष्मेवाल्याचा घड्याळजी केला की कोणाच्या बापाला कळणार नाही, असं मला वाटलं होतं. शर्टाचं टोक अंगाशी आलं.

शेवट तसा का केला, ते सांगते. तुझ्या हिवाळ्यातल्या पत्रात भाऊजींच्या मागे असं काही केलं तर लोक काय म्हणतील, जाऊबाई काय म्हणतील, याची पानंच्या पानं होती. चष्मेवाल्यांबद्दल एकच ओळ होती, की ते आले की दुकानात बरं वाटतं. मला वाटलं, ताई नाहीच म्हणणार. मग निदान माझ्या शिंपिणीने तरी ताठ मानेने नाही म्हणावं. प्रकाशकांना लग्न हवं होतं, मी त्यांच्याशी भांडले.

पुढच्या आवृत्तीत शेवट बदलते. चष्मेवाल्यांनाही लिहिते की सगळं माझ्या डोक्यातलं आहे. तू फक्त हो म्हण. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

कान धरून उभी असलेली,
ठमी

१८ एप्रिल

चि. ठमीस,
ताईचे आशीर्वाद.

त्यांना अजिबात लिहू नकोस. एकदा तुझ्या लेखणीने घोळ घातला तेवढा पुरे.

परवा एका जुन्या कोटाचं अस्तर उसवत बसले होते. मनात तुझी शिंपीणच घोळत होती. तू खोटं काही लिहिलेलं नाहीस. मी हेच म्हणणार होते, जवळजवळ याच शब्दांत. पण तिच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेली एवढी शहाणी आणि एवढी भित्री! त्याने सोबत मागितली, हिने घडीचं व्याख्यान दिलं. हसणारे लोक हसतील आणि आपापल्या घरी जातील. दुकान बंद झाल्यावर त्या खोलीत मी एकटीच असते, आणि मला ते आता नको झालंय.

शेवट बदलू नकोस. तो तिचा आहे. उद्या मी स्वतः समोर जाते.

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढे लिहिते. आज दुपारी गेले. ते यंत्रावर काच घासत होते. एक बाई नाकावर तपासणीची जाड चौकट चढवून बसल्या होत्या. दिसत काही नसेल, पण ऐकू सगळं येत होतं. चष्मेवाल्यांनी मला परक्या गिऱ्हाइकासारखं बसा म्हटलं. रात्रभर घोकलेलं मी सगळं विसरले. एवढंच म्हटलं, की पुस्तकातलं उत्तर माझ्या बहिणीचं आहे, माझं अजून द्यायचंय. त्यांनी यंत्र बंद केलं. मी सांगितलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, त्यांनाही वाटते, म्हणून तर सोबत मागितली.

मी हो म्हटलं. तुझ्यासारखं सुंदर वाक्य काही सुचलं नाही. चौकटवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

आता कोणाच्या घरी राहायचं, जाऊबाईंना कसं सांगायचं, आमची भांडणं कशावरून होतील, हे सगळं तू विचारशील. मला काहीच माहीत नाही ग. या वयात पुढचं माहीत नसणं इतकं छान वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

लोभ आहेच, तो राहू दे. फक्त छापण्याआधी मला विचारत जा.

तुझी ताई