दोन दिवसांत येतो म्हणून गेलेल्या खांबेट्यांची निरवानिरव

मी, दिनकर वामन खांबेटे, वय एकाहत्तर, धंदा पेन्शन खाणे, राहणार वैशाली, गाझियाबाद, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून आणि डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोक्याबाबत माझी पत्नी सौ. पद्मजा हिचे मत निराळे आहे. ते तिने या कागदावर मांडू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मी मरेन असे मला कधी वाटले नव्हते.

कलम १. कारण

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा गणपती उरकल्यावर मी नोएडातील एका इस्पितळात अँजिओप्लास्टीसाठी दाखल झालो. हे ठरवून केलेले काम होते. मनगटातून तार घालायची, रक्तवाहिनीत स्टेंट बसवायचा आणि घरी यायचे. तारीखसुद्धा मीच निवडली होती. इतका निर्धास्त होतो की रविवारी मंडळींना घरी मिसळीला बोलावून ठेवले होते आणि निघण्यापूर्वी मटकी भिजत घातली होती.

टेबलावर मी पूर्ण शुद्धीत होतो. पडद्यावर स्वतःचे हृदय पाहत डॉक्टरांना मंडळाच्या नाटकाची गोष्ट सांगत होतो. दुसऱ्या अंकात डॉक्टर एकाएकी गप्प झाले. मला वाटले, रंगले आहेत. मग म्हणाले, “अंकल जी, बिल्कुल टेन्शन मत लीजिए।” हे सांगणारा माणूस स्वतः घामाघूम झाला होता. रक्तवाहिनी आतून फाटली होती आणि ताबडतोब छाती उघडून बायपास करावी लागणार होती.

बाहेर पद्मजा एकटी बसली होती. चिरंजीव अंशुमन गुरुग्रामहून निघून ट्रॅफिकमध्ये अडकला होता. संमतीचा कागद घेऊन आलेल्या गृहस्थाने तिला विचारले, “माताजी, घर में कोई जेन्ट्स नहीं है?” आमच्या घरात गॅसच्या फॉर्मपासून पेन्शनच्या दाखल्यापर्यंत सगळे आजवर मीच भरत आलो. पण ती म्हणाली, “जो जेन्ट्स है, वो अंदर टेबल पे पड़ा है। पेन दीजिए।” आणि केली सही. नाहीतर आज हे लिहायला मी नसतो.

कलम २. देह

माझ्या डाव्या पायातली नस काढून हृदयाला जोडली आहे. सबब डावा पाय आणि हृदय ही यापुढे एकच मिळकत समजावी. पायाला डास चावला की मला छातीत काहीतरी होते. डॉक्टर म्हणतात असे होत नाही. डास त्यांना नाही, मला चावतो.

खोकताना छातीशी धरायला इस्पितळाने एक उशी दिली, ती मंडळात पुढचा ज्याचा नंबर लागेल त्याला द्यावी. अभ्रा धुऊन द्यावा.

कलम ३. राहते घर

आता मुद्द्याचे. हे घर, बाल्कनी, बाल्कनीतल्या रंगाच्या डब्यात तिने जगवलेला कढीपत्ता आणि पाण्याच्या मोटरचा जुना झगडा, असे सर्व मी पद्मजा हिला, एकटीला, कायमचे देत आहे.

याला कारण आहे. मी आयसीयूत नळ्या लावून पडलो होतो. डोळे मिटलेले होते, कान नव्हते. अंशुमन तिला म्हणाला, “आई, आता तो फ्लॅट विकून टाकू यार. तू आमच्याकडे शिफ्ट हो. एकोणिसावा मजला, क्लब हाउस आहे, एकदम सेफ.” पोरगा वाईट नाही. दोन दिवस झोपला नव्हता. पण बाप अजून श्वास घेत होता, तेवढे तरी बघायचे! पद्मजा म्हणाली, “बघू.” बस, एवढेच. तिचे ते बघू ऐकून मी तिथेच, नळ्यांसकट, मृत्युपत्र करायचे ठरवले. ही भिडस्त बाई, माझ्या मागे ‘बघू, बघू’ करत एकोणिसाव्या मजल्यावर जाऊन बसेल. तिथे खाली भाजीवाला हाक मारत नाही आणि शेजारीण दही मागायला येत नाही. तिला तिच्या घरातून कोणी हलवू नये, एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप आहे. बाकीची कलमे शोभेला आहेत.

कलम ४. ठेवी वगैरे

त्याही पद्मजालाच. तिने त्यातून आधी गुडघ्यांचे बघावे. माझ्या आजारपणात त्या गुडघ्यांनी तीन मजले किती वेळा केले ते मला माहीत आहे.

कलम ५. अंशुमन

त्याला माझी स्कूटर, किक मारण्याच्या अधिकारासह. शिवाय नारळ खवायची खवणी. “बाबा, खवणी म्हणजे एक्झॅक्टली काय?” असे त्याने मला फोनवर विचारले आहे, म्हणूनच देत आहे. वर्षातून एकदा तरी त्याने तिच्यावर बसून नारळ खवावा. मोदक कसेही होवोत.

कलम ६. श्री. गुलाबराव मोहिते

मंडळातले हे माझे जुने मित्र. यांना काहीही देऊ नये. मी व्हेंटिलेटरवर असताना आमच्या घराची किल्ली घेऊन, माझ्या मटकीची, माझ्याच मसाल्यात यांनी मिसळ केली. वर फरसाण नाही म्हणून आलू भुजिया घातली. मग डबे भरून सगळे मंडळ इस्पितळात आणले. दारावरच्या गार्डने विचारले, “ये क्या है?” तर म्हणाले, “पेशंट की आखरी इच्छा है।” गार्डने डोळे पुसून आत सोडले आणि नंतर दोन वाट्या खाल्ल्या.

याच माणसाने त्याच दिवशी माझ्यासाठी एक बाटली रक्त दिले, हेही नोंदवतो. ते मलाच चढवले असे नाही, असे डॉक्टर म्हणतात. माझी खात्री आहे की मलाच. तेव्हापासून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये यांच्यासारखाच उठून उभा राहून बोलतो. रक्त परत करणे शक्य नाही. भुजियाबद्दल क्षमा नाही. माणूस मात्र सोन्यासारखा आहे, हे माझ्या पश्चातच त्यांना कळवावे.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

(सही) दिनकर वामन खांबेटे

साक्षीदार १: गुलाबराव मोहिते. (कलम ६ वाचले. फरसाण तुझ्या डब्यात नव्हतेच. गु. मो.)

साक्षीदार २: पद्मजा दिनकर खांबेटे

तळटीप

साक्षीदार क्र. २ म्हणून शेजारचे जयंत यायचे होते. ते चप्पल शोधत होते तेवढ्यात पद्मजाने पेन उचलून त्यांच्या जागी सही ठोकली. आमच्या वकीलबाई वैभवी यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “काकू, सगळं तुम्हालाच मिळतंय आणि साक्षीदारही तुम्हीच? उद्या कोणीही बोट ठेवेल. हा कागद मी पुढे नेणार नाही. काका, नवीन लिहा.”

मी म्हणालो, “अगं, काय केलंस हे!”

ती म्हणाली, “साक्षीदार कोण चालत नाही, ते सकाळीच विचारून घेतलं होतं मी वैभवीला. मुद्दाम केलीय सही.”

“आणि अंशुमनने घर विकायला काढलं तर?”

“अंशुमनला नाही म्हणायला मला कागद लागत नाही. मी बघू म्हणाले, म्हणजे नाहीच म्हणाले. एवढी वर्षं झाली, तुम्हाला अजून माझं बघू कळत नाही?” मग पेन मुठीत घट्ट धरून म्हणाली, “गोळ्या चुकवता, चोरून जिना चढता, आणि मला घर लिहून देता! काय करू मी त्या घराचं एकटी? नवं लिहा, पण डॉक्टर ‘ठणठणीत’ म्हणाले की मगच. तोवर पेन माझ्याकडे.”

गुलाबराव खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होते. वकीलबाईंनी हळूच फाईल मिटली. ही तळटीप मी पेन्सिलीने लिहीत आहे.

सबब, नवे मृत्युपत्र होईपर्यंत मी मरणार नाही, असे पत्नीच्या संपूर्ण दबावाखाली जाहीर करतो.

(सही) दि. वा. खांबेटे
वैशाली, गाझियाबाद
रविवार, १४ डिसेंबर २०२५