काचेआडचं ऊन

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, तू मागत नसलास तरी. इकडे सगळं ठीक आहे, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. तू फोन उचलतोस तो इमारतीच्या बाहेर दोरावर टांगलेल्या त्या पाळण्यात उभा राहून, एका हाताने काच धरून. परवा तू "आई बरी आहे ना?" विचारलंस आणि मी "आहे" म्हटलं, कारण तुझ्या पायाखाली नुसती हवा होती. पत्र तू खोलीवर, जमिनीवर बसून वाचशील. आधी बूट काढ, चहा कर, मग पुढे वाच.

थंडी यंदा हटायचं नाव घेत नाही. मी अंधारात घराबाहेर पडते, दिवसभर दुकानाच्या तळघरात लोकांच्या पँट आखूड करते, आणि वर येते तेव्हा सूर्य डबा बांधून घरी गेलेला असतो. माझे गुडघे बोलायला लागलेत. शेजारच्या मशीनवरची म्हणते, तुझे गुडघे तुझ्यापेक्षा कमी बोलतात हेच नशीब. आम्ही सगळ्याजणी पिठात लोळवल्यासारख्या दिसतो. तू मात्र उन्हात करपून काळाठिक्कर झाला असशील.

आई हॉस्पिटलात आहे. झालं, लिहिलं एकदाचं.

खुब्याचं हाड मोडलं. पडली म्हणून मोडलं नाही रे, मोडलं म्हणून पडली. सकाळी खुर्चीतून उठली, चहाचा कप घ्यायला वळली, एवढंच. ना पाय घसरला, ना कुठे धडकली. मी ओट्यापाशी होते, आवाज मला ऐकू आला. तो कसा होता ते सांगत नाही.

ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. पण हाड इतकं मऊ, की स्क्रू धरेना, असं डॉक्टर म्हणाले. मग पडून पडून छातीत कफ भरला. तिची छाती पहिल्यापासून नाजूक, तुला माहीतच आहे.

वर्षभर ती अंग ठणकतं म्हणत होती आणि मी वयाच्या नावावर खपवत होते. चालताना बदकासारखी डुलायला लागली होती. मी फोनवर तुला नक्कल करून सांगितलं तेव्हा आपण दोघं किती हसलो. तीही हसली होती, खुर्चीचा हात घट्ट धरून.

आता मुद्द्याचं. तीन वेळा कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा घेतला, तेव्हा धीर धरून वाच.

तिच्या वॉर्डात एक डॉक्टरीण आहे. वयाने लहान, बोलायला फटकळ, मला आवडते. रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली आणि म्हणाली, "यांच्या अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. यांना ऊन दाखवत नाही का तुम्ही?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता! आमची आई सकाळपासून दुपारपर्यंत उन्हातच असते. माझ्या भावाने तिच्यासाठी खास जागा करून दिली आहे."

"कुठे? गच्चीवर?"

"बाल्कनीत. सगळी काच लावून दिली त्याने, वारा लागू नये म्हणून."

तिने पेन खाली ठेवलं. मला आधी कळेचना. मग तिने समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्यासारखं. काचेतून उजेड येतो, ऊब येते, कातडं तापतंसुद्धा. पण ज्या किरणांनी अंगात हे जीवनसत्त्व तयार होतं, ते किरण काचेपाशीच अडतात. म्हणाली, "तुमच्यासारख्या कोंडून काम करणाऱ्यांचं हिवाळ्यात खाली जातं, उन्हाळ्यात थोडंफार वर येतं. यांना काचेआड उन्हाळा काय नि हिवाळा काय, सारखाच. त्यात वय, त्यात शाल आणि पायमोजे."

मी तिथेच बाकावर बसले. मला काय आठवलं सांगू? तू काच बसवलीस तो दिवस. आदल्या रात्री तू मला म्हणाला होतास, "तू तिला अंधारात सडवते आहेस." मी म्हटलं होतं, "मग घेऊन जा की." सकाळी मापं घ्यायला लागलास. सगळ्या फटी बुजवल्यास, काडीइतकी झुळूक येईना. हात पुसून आईला खुर्चीत बसवलंस आणि म्हणालास, "आता बसू दे हिला दिवसभर उन्हात." मग बॅग उचललीस आणि गेलास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मी ओट्यापाशी रडत होते, पण खरं सांगते, रागाने कमी आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून जास्त. त्याआधी सुट्टीच्या दिवशी मी तिला जिना उतरवून खालच्या बाकावर नेत होते. बाल्कनी झाली तशी ते थांबलं. दोघींचेही पाय वाचले असं वाटलं होतं.

दर रविवारी ती माझ्याकडून ती काच पुसून घ्यायची. "ऊन अडतंय बघ," म्हणायची.

आईला हे कळलंय. डॉक्टरीण बोलत होती तेव्हा मला वाटलं, ही झोपली आहे. संध्याकाळी मी तोंड पुसत होते तर माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्याला सांगायचं नाही." मी म्हटलं, "बरं." म्हणाली, "बरं नाही, शब्द दे. माझ्यासाठी त्याने एक काम स्वतःच्या हाताने केलंय. तेवढं राहू दे त्याच्यापाशी."

मी शब्द दिला, आणि तो पाळणारही होते. हाडं म्हातारी झाली, असं म्हणून तुला बोलावून घेतलं असतं. जन्मभर तुझ्याशी खोटं बोलले असते, त्यात काही अवघड नाही, धाकटे भाऊ असतात कशाला!

पण परवा तू फोनवर खुशीत होतास. एका वृद्धाश्रमाची अख्खी गच्ची काचेने बंद करायचं काम तुला मिळालं म्हणालास. आणि म्हणालास, "मी मालकाला आपल्या आईचंच उदाहरण दिलं ताई. म्हटलं, माझी आई बघा, रोज उन्हात बसते." त्या गच्चीवर किती म्हाताऱ्या शाल पांघरून बसतील, आणि त्यांच्या मुलांना वाटेल, चला, आईला ऊन मिळतंय.

म्हणून शब्द मोडते आहे. तुझा जीव तुटेल हे माहीत असून लिहिते आहे. तुझा दोष नाही रे. तू काच ओळखतोस, ती कुठे तडकते, किती भार घेते, सगळं. हे तुला कोणी शिकवलंच नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर दर रविवारी त्या उन्हात तिचे पाय चोळत होते. आणि मालकाला सांग, उघडणारी तावदानं हवीत, नाहीतर काम नको.

माझंही रक्त तपासलं. आईच्या खालोखाल माझाच नंबर. गोळ्या सुरू केल्या आहेत, उन्हाळ्यात जेवणाची सुट्टी रस्त्यावर उभं राहून काढायची आहे. मी सावरेन. आई सावरणार नाही. कालपासून डॉक्टर तिला घरी न्या म्हणताहेत. आता आमच्या हातात काही नाही, असं म्हणाले.

उद्या तिला घरी आणते. तिला पलंग बाल्कनीतच हवा आहे, "माझ्या लेकाच्या काचेपाशी." आज सकाळी मी सुरी घेऊन एक तरी तावदान सुटतंय का पाहिलं. बोट कापून घेतलं, काच हलली नाही. तुझं काम फार पक्कं आहे. दुसऱ्या कोणा कारागिराला मी त्याला हात लावू देणार नाही.

तेव्हा हत्यारं घेऊन ये. एकच तावदान काढ, तिच्या उशाकडचं. डॉक्टरिणीला विचारलं मी, ती म्हणाली आता उन्हाने काहीही फरक पडणार नाही. तरी काढ. आईला सांग, काच बदलायची आहे म्हणून काढतोय. ती मानेल. तुझं ती सगळं मानते.

आई तुझी वाट पाहते आहे असं लिहिणार होते. पण ती पाहत नाही, तिला वाटतं पोरगं कामात आहे, त्याला त्रास नको.

वाट पाहते आहे ती मी.

तुझी,
ताई