गौरी आज जातील, ताई जाणार नाही

आई,

तू फुलं आणायला गेलीस तेवढ्यात ताईला घेऊन निघतेय. आमच्यासाठी थांबू नकोस. दुपारी अक्षता वाहून दोन्ही गौरींचे मुखवटे तूच हलव. हळदीत रंगवलेले दोरे पाटावर आहेत. विसर्जनाहून येताना पाण्याकाठचे खडे तेवढे आठवणीने आण, दरवेळी ते ताईच आणते.

ताई तुला सांगते की ती जिन्यावरून पडली. परवा थोरल्या गौरीला साडी नेसवताना तिचा हात वर जाईना, म्हणून मी तिची पाठ बघितली. काही डाग जांभळे आहेत आणि काही पिवळे पडलेत. एकदा पडून जुने आणि नवे डाग एकदम उठत नाहीत गं.

काल तुला हे सांगितलं, तर म्हणालीस, "सणासुदीला बोभाटा नको. उद्या जावई न्यायला येतील, गौरींबरोबर तिचीही ओटी भरू." त्यानंतर मला दुसरं काही सुचलंच नाही.

ते आले की चहा दे. आम्ही कुठे आहोत हे तुला सांगत नाही, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही.

मुखवटे हलवताना तू दरवर्षी डोळे पुसतेस आणि म्हणतेस, "पुढच्या वर्षी या गं बायांनो." आज ताईला पाठवलं असतं, तर पुढच्या वर्षी यायला ती उरली असती का, एवढंच स्वतःला विचार.

हवी तेवढी रागाव, पण फोन उचल.

धाकटी