गाईज आणि माझं हिरवं लुगडं

२२ डिसेंबर
नातू दिपेश आणि त्याचे मित्र दिवसभर आमच्या ओट्यावर. एकमेकांना गाईज म्हणतात. नात निशिगंधा म्हणाली, आजी, म्हणजे पोरं. मग पोरं म्हणा ना मेल्यांनो! सुनावलं. सगळे मला टरकून असतात.
मारुतीला, माझ्या पोराला, घर पाडून टॉवर पाहिजे. मी जिवंत असेपर्यंत नाही, म्हटलं. विषय संपला.

२५ डिसेंबर
बिल्डर आलेला. मी चहा विचारला नाही. सुनेने दोनदा दिला.

२७ डिसेंबर
निशिगंधाने गाईजचं मूळ शोधून सांगितलं. विलायतेत गाय नावाचा बाप्या होता. राजाला दारूगोळ्याने उडवायला निघाला, पकडला, मेला. मग तिकडची पोरं दरवर्षी त्याचं बुजगावणं करायची, जुने कपडे घालून, दारोदार पैसे मागत. मग जाळायची. पुढे गबाळ्या माणसाला तेच नाव, मग कुणाही पोराला. आता बायकांनाही चालतं.
म्हटलं, हा तर आपला थर्टी फर्स्टचा म्हातारा, पोरं सरत्या वर्षाचं बुजगावणं करून रात्री जाळतात तो! गोऱ्यांनी आपल्या ठाण्याच्या माजिवड्यातून नेला असणार.
निशिगंधा हसली नाही. म्हणाली, यंदा पोरं म्हातारी करतायत.

२९ डिसेंबर
दरवर्षी म्हाताऱ्याला घालायला आमच्या ह्यांचा जुना सदरा नेतात. यंदा दिपेशने माझं फाटकं लुगडं मागितलं. फाटकं कशाला? हिरवं दिलं. मान आहे हा.
गाढवांना नऊवारी नेसवता येईना. मीच नेसवली, कासोटा घट्ट घातला. दिपेशचा मित्र विकी म्हणाला, आज्ये, चष्मापण दे ना. दिला. सगळे हसले. जीव आहे पोरांचा माझ्यावर.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
म्हातारी आमच्याच दारात बसवलेय, माझ्या खुर्चीत. गळ्यात पाटी. चष्मा नाही, निशिगंधाला वाचायला लावली. ‘घर सोडत नाय’. पोरांची गंमत, मी म्हटलं. ती आत निघून गेली.
पोटात भरायचे सुतळी बॉम्ब मारुतीने आणले. इतकी वर्षं पोरांना ओरडायचा. माझ्याकडे बघत नाही.

१ जानेवारी, सकाळ
चष्मा नाही, अक्षर मोठं काढतेय.
पेटवताना दिपेश ओरडला, चला गाईज, बाजूला! मीपण बाजूला झाले. बायकांनाही चालतं ना.
पदर आधी गेला. मग तोंड. कासोटा शेवटपर्यंत सुटला नाही. बॉम्ब फुटले तेव्हा मारुतीने टाळ्या वाजवल्या. खुर्ची काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
दुपारी बिल्डर येतोय. मीच म्हटलं मारुतीला, बोलव. मला कुणी भाग पाडलेलं नाही. सही जिथे करायची तिथे मारुती बोट ठेवणार आहे.