क्विनीनपुरता जावई

विसरवाडीजवळ, पश्चिम खानदेश
ता. १२ ऑक्टोबर १९४३

ती. अक्कास,

मल्हारीचा नमस्कार. जिवंत आहे, हे पहिल्याच ओळीत लिहितो. भाऊजी आणि मुलं बरी ना? बडोद्यात पाऊस हटला का? इकडे भात पिवळं पडू लागलंय.

गेल्या मार्गशीर्षातली सारंगखेड्याची यात्रा झकास झाली. नवलसिंग व्यापाऱ्याचे घोडे घेऊन गेलो होतो. त्यात एक पांढरी घोडी माणसासारखी रुसायची, तिचे किस्से भेटीत सांगेन. घोडे विकून नवलसिंग परतला. मी मात्र नवापूर बघू, जंगल बघू करत इथवर आलो आणि लाकूडतोडीच्या कामाला लागलो.

मध्ये थोडी कणकण होती. थोडी म्हणजे, तीन गोधड्यांतही दात वाजायचे. काही दिवस तर तुझं नावसुद्धा आठवेना. लढाईमुळे क्विनीन मिळत नाही, तुला ठाऊकच. नवापूरचे डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहितात ती गावच्या माणसालाच, तीही पोलीसपाटलाची सही आणली तर. मी पडलो गायकवाडी रयत. इंग्रजी हद्दीत माझी कुठे नोंदच नाही.

ज्या रेवाबाईच्या पडवीत निजायचो, तिने मला बैलगाडीत घातलं आणि गाडी पाटलाच्या दारात उभी केली.

"हाऊ कोन शे?" रेवजी पाटलाने विचारलं.

"मन्हा जवाई."

"कव्हय व्हयना?"

"आत्तेच व्हयना!"

पाटील हसला नाही. त्याने सही केली.

इकडे लग्नात मुलाकडून मुलीच्या घरी देज, म्हणजे पैसे, द्यावे लागतात. ज्याच्याजवळ ते नाहीत, तो मुलीच्या घरी राहून तिच्या शेतात राबतो. त्यात कुणी कमीपणा मानत नाही. रेवाबाईला मुलगी आहे, फुलवंता. तिच्याविषयी लिहिणार नव्हतो. औषध लागू पडून मी उठून बसलो, तशी फुलवंता म्हणाली, "जवाई शे ना? मंग लाकडं फोड!" मायलेकी पोट धरून हसत होत्या.

भाऊजींनी गिरणीत शब्द टाकलाय, हे विसरलो नाही. दिवाळीला यायचं म्हणून बोचकं बांधून स्टेशनाची वाट धरलीही होती. रेवजी पाटील आडवा आला.

"जा भाऊ," म्हणाला. "पन त्या बाईनी मन्हामोरे शब्द दिन्हा. तू गया ते तिन्हा शब्द खोटा. मंग तिन्हा घरनी चिठ्ठीवर मी सही कशी करू?"

मी परतलो. तंबाखू विसरली, असं घरी सांगितलं.

परवा फुलवंताला हुडहुडी भरली. रेवाबाई तिला धरून बसली होती, म्हणून सहीला मी गेलो. पाटलाने कागद पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "तू तिन्हा कोन?"

या वेळी मीच सांगितलं.

सही मिळाली, क्विनीन मिळालं. आज तिला घाम सुटलाय, पेज मागतेय.

भाऊजींना म्हणावं, गिरणीतली जागा दुसऱ्या कुणाला द्या. रागावलीस तरी पत्र टाक. पाकिटावर नुसतं माझं नाव घालू नकोस, त्या नावाने मला इथे कुणी ओळखत नाही.

तुझा धाकटा,
रेवाबाईचा जावई